वकील, तुमच्यासाठी कोर्ट बंद राहिलं नाही

दोन हजार पंचवीस साल, आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. तुम्ही माझ्याहून पाच वर्षांनी लहान. म्हणजे नंबर माझा होता, विजयकर वकील. शनिवारच्या टेबलावर कोणी मध्ये घुसला तर त्याला उठवून मागे पाठवणारे तुम्ही, आणि स्वतः रविवारी दुपारी जेवून जरा आडवे झालात ते माझ्या पुढे निघून गेलात. हे मला पटलेलं नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

रेश्मा आली होती. तुमची ज्युनिअर, अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीतली. म्हणाली, बार असोसिएशन साहेबांच्या नावानं एक लहानसं पुस्तक काढतेय, मेस्त्रीकाका, तुम्ही लिहा. मी म्हटलं, अगं, मी चौथीतून शाळा सोडलेला सुतार. एवढ्या वकिलांच्या मध्ये मी काय लिहू? तर म्हणते, "साहेबांशी भांडायचात ना, तसंच लिहा." हे जमण्यासारखं आहे. शुद्धलेखन तिनं बघायचंय. वाक्यं हलवायची नाहीत, हे तिला बजावलंय.

तुम्ही कुठे शिकलात, किती केसेस जिंकल्या, कुठल्या साली सेक्रेटरी झालात, ते बाकीचे लिहितील. त्यांच्याकडे ते आहे. माझ्याकडे टेबल आहे.

आठवतं ना? लालबागला आमच्या चाळीच्या मंडळाच्या खोलीत तुमच्या बारनं शनिवारी दुपारी टेबल लावायला सुरुवात केली, त्याचा पहिलाच महिना. बोर्ड लावला होता, 'वकिलांचा मोफत सल्ला'. मालकानं मला नोटीस दिली होती, जिन्याखालचा गाळा खाली कर म्हणून. वडिलांच्या वेळेपासून त्या गाळ्यात आमचा रंधा चालतोय. घरचे म्हणाले, जा, दाखवा तरी. मी दोन शनिवार गेलो नाही. मोफत हा शब्द मला लागतो. तिसऱ्या शनिवारी गेलो तो बाहेर उभा राहिलो. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत.

"काय काम आहे?"

"काम नाही. बघायला आलो."

"काय बघायला?"

"फुकट देणारी माणसं कशी असतात ते."

दुसरा असता तर चिडला असता. तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत. "बसा. जवळून दिसतात."

मी बसलो, आणि तुम्ही समोर कागद ओढलात तसं ते टेबल डुगडुगलं. मंडळाचं जुनं टेबल, एक पाय आखूड. तुम्ही लिहिताय आणि ते डुगडुगतंय. माझं तुमच्या बोलण्याकडे लक्षच लागेना. शेवटी मी खाली वाकलो, खिशात लाकडाचा तुकडा असतोच माझ्या, तो तासून पायाखाली पाचर मारली. वर आलो तर तुम्ही दोन्ही हातांनी टेबल दाबून बघत होतात, लहान मूल बघतं तसं.

"झालं," तुम्ही म्हणालात, "फी पोहोचली."

"ही फी नाही. डुगडुगतं टेबल मला बघवत नाही."

"बरं. मग मलाही असली नोटीस बघवत नाही. आणा इकडे."

असं म्हणून तुम्ही माझ्या हातातून नोटीस ओढून घेतलीत. मी काही दिली नव्हती, हे आजही सांगतो. पण तुम्ही ज्या तऱ्हेनं ओढलीत ना, त्यानं माझी मान वाकली नाही. गाळा राहिला. अजून आहे. त्याच गाळ्यात बसून हे लिहितोय.

पुढे शनिवारी माणसांना ओळीनं बसवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. कोणी दिलं नव्हतं. भाड्याची भांडणं, भावाभावांची भांडणं, नवरा घरात घेत नाही, पेन्शन अडकली, पोलीस तक्रार घेत नाहीत. मी दारात उभा राहून विचारायचो, "तुमचं काय? पोटदुखी की ताप?" म्हणजे जुनं दुखणं की आजच पेटलेलं. आजच पेटलेल्याला पुढे सोडायचो. तुम्ही म्हणायचात, "मेस्त्री, तुम्ही कम्पाउंडर होऊन बसलात." मी म्हणायचो, "डॉक्टर नीट असता तर कम्पाउंडर लागला नसता." दर आठवड्याला बारचे दोन वकील पाळीनं यायचे, कोणी दादरहून, कोणी गिरगावातून. काही हुशार होते, काही नुसतेच गोड बोलायचे. तुमची पाळी नसली तरी तुम्ही माहीमहून यायचात आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसायचात. पेपर वाचत नव्हतात. नवा पोरगा चुकीचा सल्ला देतोय का ते ऐकत होतात. चुकला की तिथे काही बोलायचा नाहीत. जिना उतरताना त्याच्या खांद्यावर हात टाकून सांगायचात. ते मी बघितलंय. जिन्याखालून सगळं दिसतं.

एक गोष्ट पुस्तकात यायलाच पाहिजे, कारण ती दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

लॉकडाऊनचे दिवस. कोर्टं बंद. तुम्ही मला फोन केलात. आवाज बसलेला. म्हणालात, "मेस्त्री, एक सल्ला पाहिजे." मी म्हटलं, "टेबल शनिवारी असतं." हसला नाहीत. तेव्हा कळलं, खरंच काही आहे. तुम्ही म्हणालात, नव्या वकिलांची पंचाईत झालीय. रोज कोर्टात उभं राहिलं तर संध्याकाळचं भागतं अशी पोरं आहेत. बारनं धान्य भरून पिशव्या तयार ठेवल्यात, पण कोणी न्यायला येत नाही. काळा कोट अंगावर आहे, हात पसरायचा कसा? आणि मग विचारलंत, "तुम्ही त्यातले तज्ज्ञ. ताठ माणसाला वस्तू द्यायची कशी?"

एवढी मोठी पदवी मला कोणी दिली नव्हती.

मी म्हटलं, "आधी त्याच्याकडून काहीतरी मागा. मग द्या. मधे श्वास घेऊ नका."

तुम्ही तसंच केलंत. बारनं प्रत्येक नव्या वकिलाला कळवलं, लोकांच्या अडचणी खूप आहेत, टेबल लावता येत नाही, तर रोज फोनवर सल्ला द्यायला आम्हाला तुमची गरज आहे. आणि जो हो म्हणेल त्याच्या दारात पिशवी. कोणी नको म्हटलं नाही. आमच्या चाळीत तर माणसं फोनवर फोन करत होती. त्यात एक पोरगी होती, फार नीट समजावून सांगायची, ऐकणाऱ्याला घाई नाही अशी. ती रेश्मा. नंतर तुम्ही तिला आपल्या हाताखाली घेतलंत. तेव्हा ती पिशवी तुमच्या घरून जात होती का बारमधून, हे तिला अजून माहीत नाही. मलाही माहीत नाही, पण मला शंका आहे. वहिनी सांगत नाहीत.

आता आपलं भांडण.

तशी बरीच होती. मृत्युपत्र करा म्हणून तुम्ही माझ्या मागे लागलात, ते मी केलेलं नाही. मी म्हटलं होतं, पोरांना आपसात बोलायला काहीतरी विषय राहू दे. तुम्ही कपाळाला हात लावलात. ते भांडण मी जिंकलोय, कारण तुम्ही आता विचारू शकत नाही. पण खरं भांडण एकच.

तुमच्या बारची रीत. सभासद वकील गेला की सकाळी अकराला सगळे पहिल्या कोर्टात जमतात, जजसाहेब बोलतात, दोन मिनिटं उभे राहतात, आणि मग त्या दिवशी वकील काम करत नाहीत. ज्यांची केस असेल त्यांना पुढची तारीख. तुम्ही सेक्रेटरी असताना ठराव आणलात, शोकसभा संध्याकाळी घ्या, काम संपल्यावर. हरलात. बऱ्याच मतांनी हरलात. त्या शनिवारी टेबलावर तोंड पाडून बसला होतात, आणि मी सहानुभूती दाखवायच्या ऐवजी म्हटलं, "बरं झालं हरलात."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "का?"

"आमच्या चाळीत कोणी गेलं तर मयत उठेपर्यंत मजल्यावर चूल पेटत नाही. भूक नसते म्हणून? भूक असते. पोरंसुद्धा रडतात. तरी नाही पेटवत. जग जरा थांबलं नाही तर माणूस गेला हे जगाला कळणार कसं?"

"तुमच्या चुलीनं दुसऱ्याची तारीख जात नाही, मेस्त्री. रजा काढून आलेली बाई, ती का म्हणून परत जाईल? तिला तो वकील माहीतही नसतो."

"म्हणूनच. तिला कळलं पाहिजे, कोणीतरी होता."

"आणि मी गेलो त्या दिवशी तुमच्याच माणसाची तारीख असली तर?"

"असूदे."

"लिहून देता?"

"लिहून घेणं तुमचा धंदा. मी बोलतो तेच माझं लिहिलेलं."

तुम्ही हसलात आणि पुढच्या माणसाला हाक मारलीत. त्यानंतर दर वेळी कोणी वकील गेला की आपलं हेच. तुम्ही तुमचं म्हणायचात, मी माझं. आपल्यापैकी कोणी एक इंच सरकला नाही. मला त्याचं समाधान होतं. भांडायला चांगला माणूस मिळणं ही काही लहान गोष्ट नाही.

आता तुम्हाला न दिसलेलं सांगतो.

आमच्या मजल्यावरची सुलभा. तिची केस तुम्ही टेबलावरूनच घेतलीत. तुम्हाला तोंडपाठ आहे, पण वाचणाऱ्यासाठी सांगतो. खोलीची भाडेपावती तिच्या सासऱ्याच्या नावावर. सासरा गेला, नवरा गेला. चाळ पाडून नवी इमारत होणार ठरलं तसा नवऱ्याचा चुलतभाऊ उगवला, म्हणे ही बाई इथे राहातच नव्हती, माहेरी असायची, सासऱ्याची सेवा मी केली, खोली माझी. सुलभा तिथे लग्न होऊन आल्यापासून राहतेय हे सांगणारी एकच बाई उरलीय, समोरच्या खोलीतली पार्वतीकाकी. ती म्हातारी आता कुडाळजवळ गावी असते. तिचं शपथपत्र दिलं होतं, पण समोरच्या वकिलानं तिला कोर्टात प्रश्न विचारल्याशिवाय त्या कागदाला वजन नाही, हे तुम्हीच समजावलं होतं. तारीख मंगळवारची. काकी शनिवारी आली, माझ्या घरी उतरली. गुडघे धरून दोन माणसांनी जिना चढवली. वर आल्यावर म्हणाली, "ह्या माझा शेवटचा येना. परत बोलवलात तर फोटो येतलो माझो."

आणि रविवारी तुम्ही गेलात.

सोमवारी तुम्हाला पोहोचवून आम्ही परत आलो आणि संध्याकाळी मी बाररूममध्ये गेलो. तुमच्या लोकांची ही रीत मी पहिल्यांदा बघितली. तुमच्या चालू केसेसच्या सगळ्या फायली लांब टेबलावर मधोमध ठेवल्या होत्या. भोवती वकील. एकेक जण फाइल उचलायचा, वाचायचा, "ही मी बघतो" म्हणायचा आणि बाजूला घ्यायचा. फीची गोष्ट कोणी काढली नाही. जे एरवी कोर्टात एकमेकांचे कपडे फाडतात, ते "तुमच्याकडे जास्त झाल्या, द्या इकडे" म्हणत होते. अध्यक्षबाई एकच वाक्य बोलल्या, "विजयकरांच्या एकाही माणसाला उद्या असं वाटायला नको की आपला वकील गेला." टेबल मोकळं झालं तेव्हा मला बरं वाटलं. सुतार आहे मी, मोकळं टेबल मला कळतं. तुमच्या बारबद्दल मी काय काय बोललोय, त्यातलं निम्मं मी तिथे सोडून दिलं. निम्मं ठेवलंय.

सुलभाची फाइल रेश्मानं कोणाला दिली नाही. छातीशी धरून उभी होती. एक जुने वकील म्हणाले, "बेटा, घाई नाही. उद्या शोकसभा, काम होणारच नाही. पुढची तारीख मिळेल, तोवर तयारी कर."

पुढची तारीख म्हणजे चार-सहा महिने. तोवर चाळ रिकामी होणार, आणि कोणाच्या नावावर नवी जागा, ते ठरून जाणार. रेश्मानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. वकील, तुम्ही त्या क्षणी कुठे असाल ते मला माहीत नाही, पण जिथे होतात तिथे हसत होतात. मला ऐकू आलं.

मंगळवारी सकाळी टॅक्सी करून काकीला कोर्टात नेली. बाहेर बाकावर बसवली, सुलभाच्या पिशवीवर तिचे पाय ठेवले. साडेदहाला बाररूममध्ये सगळे जमले. मी दारात. अध्यक्षबाईंनी विचारलं, नेहमीप्रमाणे अकराला शोकसभा, आणि मग काम नाही, सर्वांना मान्य?

एक जण म्हणाला, सरांचाच ठराव होता संध्याकाळचा. दुसरा म्हणाला, "तो त्यांनी दुसऱ्यांसाठी आणला होता. त्यांच्यासाठी आपण थांबायला नको? विजयकरांसाठी कोर्ट थांबणार नाही तर कोणासाठी?" डोळे पुसत होता तो.

बरोबर. अगदी माझं वाक्य. मी मान हलवली. आणि तरी पाय दारातून हलेना.

मग मी बोललो. मला तिथे बोलायचा अधिकार नाही, हे मला माहीत आहे. एकानं "काका, प्लीज" म्हटलंसुद्धा. मी म्हटलं, "मी वकील नाही. मेस्त्री आहे. तुम्ही बसलाय त्यातली निम्मी बाकं मी दुरुस्त केलीत, तेवढं उभं राहू द्या. विजयकर वकिलांशी माझं ह्याच गोष्टीवर भांडण होतं. मी म्हणायचो, कोर्ट बंद झालंच पाहिजे. आजही म्हणतो. तुम्ही खुशाल बंद ठेवा. फक्त बाहेर बाकावर एक म्हातारी बसलीय, गावाहून आलीय, परत येणार नाही. तिला बंद आहे हे तुमच्यातल्या कोणीतरी जाऊन सांगा. मला सांगायला लावू नका. मला ते जमणार नाही."

बस. एवढंच. मी तुमच्या बाजूला गेलो असा अर्थ काढू नका. एक निरोप पोहोचवायला मी नाही म्हटलं, एवढंच झालं.

कोणी उठलं नाही. मग मागून सामंत वकील उठले. समोरच्या बाजूचे, चुलतभावाचे. तारीख पुढे गेली तर फायदा त्यांच्याच माणसाचा. ते म्हणाले, "तिची उलटतपासणी मलाच घ्यायची आहे. मी तयार आहे. विजयकरांनी मला पहिल्या केसला आपला कोट दिला होता घालायला. मी त्यांच्या नावावर म्हातारीला परत पाठवणार नाही."

चुलतभाऊ बाहेर ऐकत असावा. आत येऊन म्हणाला, "अहो सामंतसाहेब, तुम्ही वकील माझे ना?"

"तुझाच. तुझी बाजू खरी आहे ना? मग म्हातारीला घाबरतोस कशाला?"

अध्यक्षबाईंनी विचारलं, संध्याकाळी साडेचारला कोणाला चालेल? हात वर आले. तो डोळे पुसणाराही हात वर करून उभा, दुसऱ्या हातात रुमाल. मी हात वर केला नाही. माझं मत नव्हतं, आणि असतं तरी केला नसता.

काकीची साक्ष झाली. तुमच्या जागी रेश्मा, आणि तिच्या मागच्या खुर्चीत अध्यक्षबाई स्वतः, नुसत्या बसून. रेश्मा सुरुवातीला कागदात बघून विचारत होती. मग नाही. सामंतांनी प्रश्न विचारले ते नीट विचारले, सूट दिली नाही. देऊही नये. बराच वेळ फिरवून फिरवून विचारलं, आणि शेवटी म्हणाले, "आजी, इतक्या वर्षांपूर्वीचं. तुम्हाला नीट दिसतं तरी का?"

काकी म्हणाली, "तुमच्या कोटाचा बटान तुटलाला असा. ता दिसता माका."

जजसाहेबांनी तोंडावर फाइल धरली.

"आणि ह्या सुलभाक इचारा," काकी पुढे म्हणाली, "लगीन होऊन इली त्या साली तिका मीठ किती घालूचा ता कळत नाय हुता. सासऱ्याक रोज माझ्या घरची आमटी जाय. माहेरी ऱ्हवणारी बाय सासऱ्याची आमटी मागूक माझ्या दारार कित्याक येत?"

सामंत खाली बसले. कागदावर काकीचा अंगठा उठला. निकाल लागायचा आहे अजून, पण ती जे बोलली ते आता कोर्टाच्या कागदावर आहे, कोणाला पुसता येणार नाही. सुलभा बाहेर येऊन बाकावर बसली. मग म्हणाली, "मेस्त्रीकाका, भूक लागली हो." त्या बाईला भूक लागलेली मी वर्षभरात ऐकली नव्हती.

संध्याकाळी शोकसभा झाली. दिवसभराचं काम करून दमलेली माणसं, कोट चुरगळलेले, आणि तरी उभं राहायला जागा नव्हती. पक्षकारही थांबले होते. तुम्ही म्हणायचात ना, तिला तो वकील माहीतही नसतो. त्या बायका थांबल्या होत्या. एकमेकींना विचारत होत्या, कोण होते हो हे? आणि कोणी ना कोणी सांगत होतं. सकाळी अकराला झाली असती तर त्या तारीख घेऊन घरी गेल्या असत्या, हे खरं. हे मी तुमच्या बाजूचं म्हणून लिहीत नाही. बघितलं ते लिहितो.

आभार मानायचे राहिले असं बरेच जण बोलले तिथे. मी तसं म्हणणार नाही. आपल्यात ते कधी चाललं नाही, आणि आता तुम्ही उत्तर द्यायला नाहीत तेव्हा मानले तर ती फसवणूक होईल. पण एक सांगतो. तुम्ही पहिल्या दिवशी ती नोटीस माझ्या हातातून ओढून घेतली नसती, तर मी ती तशीच खिशात घालून परत गेलो असतो, आणि गाळा गेला असता, आणि मी आयुष्यभर म्हणत राहिलो असतो की कोणाकडे मागितलं नाही. हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मला वाटतं, म्हणूनच ओढलीत. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

परत येताना टॅक्सीत काकीनं विचारलं, "मेलो तो वकील कोण हुतो रे?"

मी म्हटलं, "माझ्याशी भांडायचा तो."

काकीनं बाहेर बघितलं. हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांचे दिवे लागले होते. म्हणाली, "मगे बरो हुतो."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी नेहमीच्या वेळेला आंघोळ करून धुतलेला सदरा घातला, खाली उतरलो आणि गाळा उघडला नाही. बंद फळ्यांसमोर स्टूल टाकून बसलो. काम होतं, एका लग्नाच्या घरचं कपाट अर्धवट पडलंय. थोड्या वेळानं शेजारच्या इमारतीतला एक जण टेबलाचा खण घेऊन आला.

"मेस्त्री, हा अडकतो जरा, बघता का?"

"आज काम बंद."

"का? आज काय आहे?"

"आमच्यातले एक वकील गेले."

त्यानं माझ्याकडे बघितलं, खणाकडे बघितलं. "तुमच्यातले? अहो, मी मुद्दाम ऑफिसला उशीर करून आलो."

"समजतं मला. तुमची खेप फुकट गेली. पुढची तारीख घ्या, उद्या सकाळची."

तो कुरकुरत निघाला. चार पावलं जाऊन थांबला, खण काखेत धरून परत आला, आणि म्हणाला, "कोण होते हो?"

मी स्टूल सरकवून त्याला बसायला जागा केली, आणि सांगायला लागलो.